उभ्या सभेचं तळं

वेळुंड्याच्या पठारावरच्या तळ्यात कमळं नाहीत, काठाला देऊळही नाही. चहूबाजूंनी नुसते दगडांचे मोडके चौथरे आहेत. ते देवाचे नव्हेत, माणसांच्या हट्टाचे आहेत, असे सांगतात.

पूर्वी इथे एकच मोठा पार होता. खोऱ्यातली सगळी गावं त्यावर बसून ठरवत, आणि सगळ्यांचा होकार असल्याशिवाय कुठल्याही कामाला कुदळ लागत नसे. पुढे देवराई तोडायची की राखायची यावरून सभेत तट पडले. तोडणाऱ्यांनी पाराचे दगड उपसून आपला वेगळा चौथरा बांधला, राखणाऱ्यांनी आपला. मग तटांतही तट पडले. प्रत्येकाला स्वतःचा चौथरा हवा, आणि दगड तर त्याच पाराचे. शेवटी पाराच्या जागी खड्डा उरला.

एका श्रावणात वरच्या बंधाऱ्याला भेग पडली. त्याच्या अगदी खाली गोजराबाईचं गाव. नवरा वारल्यावर गावाच्या वतीने तीच सभेला येई. बंधारा सावरायला सगळ्या खोऱ्याचे हात हवे होते. पण आधी आमच्या चौथऱ्यावर ये, मग तुझ्या गावाचं बघू, असं जो तो म्हणे. गोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर पावसात ती सरळ खड्ड्यात उतरली. पाणी कमरेला लागलं.

“वर ये बाई, बुडशील,” सगळ्यांत उंच चौथऱ्यावरून रावजी घाग म्हणाला.

“बुडंन. पर तुमच्यातल्या एकाच्याबी दगडावर चढणार न्हाई. सभेची जागा ही हाय. ज्याला बोलायचंय त्यानं खाली यावं.”

पाणी छातीपर्यंत चढलं. ती थरथरत होती, पण हलली नाही. भरल्या सभेत बाई बुडाली तर तोंड कुठे दाखवायचं, या लाजेने आधी रावजी उतरला म्हणे. मग एकेक करत सगळेच उतरले. गार पाण्यात लांबलचक भाषण कुणाला सुचतं? ठराव चटकन झाला, आणि ओल्या अंगानेच सगळे बंधाऱ्याकडे धावले. गाव वाचलं. गोजराबाई मात्र त्या गारठ्याने अंथरुणाला खिळली, ती पुन्हा उठली नाही.

आजही खोऱ्याची सभा या पाण्यात उभ्यानेच भरते. तट अजून आहेत, भांडणंही कडाक्याची होतात. कधी एखादा बडा पुढारी येतो आणि काठावर खुर्ची मागतो. खुर्ची त्याला मिळते. मग पाण्यातली एखादी बाई त्याला शांतपणे सांगते, “बसा निवांत. कोरड्या पायाच्या माणसाला हितं मत नसतं.”