‘म’ला बंदी

फार पूर्वी एका राजाच्या दरबारात एक कवी होता. एखादं अक्षर ठरवून टाळायचं आणि तरी कविता डौलात उभी करायची, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दरबार टाळ्या वाजवायचा, कवी फुलून जायचा.

त्या वर्षी तलावाचा बांध फुटला आणि खालचं अर्धं गाव वाहून गेलं. बांधाचे दगड राजानंच उपसून नेले होते, स्वतःच्या नाचमंडपासाठी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

राजानं कवीला बोलावलं. “त्या गावात शिलालेख लावायचाय. पुरावर कविता कर. अट एकच, ‘म’ हे अक्षर येता कामा नये. जमलं तर सोन्याचं कडं तुझं.”

अट ऐकूनच कवीचे हात शिवशिवले. कविता झाली, आणि शिळेची जागा बघायला तो गावात गेला. पडक्या भिंतीपाशी एक बाई बसली होती. त्यानं तिलाच कविता वाचून दाखवली:

“पाऊस आला, तळे भरले,
धावत्या पाण्यात शिवार न्हाले.
राजा दयाळू, राज्य थोर,
सुखात झोपे लहानथोर.”

“‘म’ एकदाही नाही, बघा!” तो हसून म्हणाला.

बाईनं विचारलं, “ह्यात माझी लेक मंजुळा कुठाय?”

“तसं नाव घेता येत नाही, बाई. अट आहे.”

“मग ‘मेली’ कसं लिवशील? ‘माणूस’ कसं लिवशील? मला ‘माय’ कसं म्हणशील?” ती ताडकन उठली. “अक्षर नाही रं काढलं तुझ्या राजानं! आमची मेलेली माणसं काढली! आणि तू वर दात काढतोस?”

कवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजाचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा.

शिलालेखाची कविता ऐकायला दरबार भरला, गावकरीही आले. कवी उभा राहिला.

“माती खचली. माणसं मेली. मुलं मेली. मंजुळा मेली. महाराजांच्या मंडपासाठी मेली!”

“अट मोडलीस!” राजा ओरडला.

“हो, मी अट मोडली. तुम्ही बांध मोडलात!”

राजानं त्याला पकडायचा हुकूम सोडला. एकही शिपाई हलला नाही. त्यांतल्या कितीकांची घरं त्याच गावात होती. ती बाई मंडपाकडे चालू लागली, तिच्यामागे गावकरी, मग भाले टाकून शिपाई. संध्याकाळपर्यंत मंडपाच्या जागी नुसता चौथरा उरला आणि दगडांनी भरलेल्या गाड्या बांधाच्या वाटेला लागल्या. कडं न मिळालेला कवी एका गाडीला मागून खांदा देत होता.

तात्पर्य: शब्दांचे खेळ खुशाल खेळावेत, पण ज्या खेळात मेलेल्याचं नाव घ्यायलाच बंदी असते, तो खेळ नसतो, गुन्हा लपवणं असतं. तो उधळूनच लावावा.