कोऱ्या पानाचे कौतुक

एका जंगलात एक खार राहत असे आणि स्वस्थ बसणे काही तिला जमत नसे. बालमित्रांनो, खारी तशा चपळच असतात. पण हिची चुळबुळ पायांत नव्हती, मनात होती. वादळात तिची ढोली फांदीसकट कोसळली होती आणि तेव्हापासून ती एका परक्या झाडावर एकटीच दिवस काढत होती. तिची धाकटी बहीण नदीपलीकडे राहायची. तिने यावे, एवढेच खारीला हवे होते. पण ‘ये’ म्हणायला जीभ रेटेना. जंगलात तेव्हा नेट आले होते आणि लहानथोर सगळेच मोबाइलवर आपापली रोजनिशी लिहून जगाला वाचायला देत होते. खारही लिहू लागली. बहीण वाचेल, आपल्या मनातले ओळखेल आणि धावत येईल, असे तिला वाटत होते.

या रोजनिशीवाल्यांची एक रीत होती. शेजारणीने वाटीतून भाजी पाठवली तर वाटी रिकामी परत करायची नसते ना, तसेच. कोणी आपल्या लिखाणाखाली कौतुक केले की त्याच्याही लिखाणाखाली कौतुक करून यायचे. खार लिहायची, “चंद्रिकेच्या रुपेरी सागरात माझा मनमयूर नाचला.” खाली कावळा लिहायचा, “अप्रतिम.” कोल्हा लिहायचा, “निःशब्द झालो,” आणि त्यापुढे आणखी चार ओळी लिहायचा. खार दाणा फोडता फोडता मोबाइल बघे, शेपूट विंचरता विंचरता बघे, बंद करी आणि पुन्हा उघडी. कौतुकाचा ढीग पडलेला असे, बहिणीचे मात्र एक अक्षर नसे. तिला घास गोड लागेना.

एके दिवशी साळिंदराने लिहिले, “खारूताई, तुझी सगळी पाने वाचली. शब्द सुंदर आहेत, पण त्यांत तू कुठेच दिसत नाहीस. तुझी ढोली पडली, हे मला पोपटाकडून कळले. ते तू का लिहीत नाहीस?” खारीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती थेट साळिंदराच्या रोजनिशीवर गेली. त्या बिचाऱ्याचे लिखाण साधेच. “रात्री कंद खाल्ले. दिवसा झोपलो.” खारीने खाली ठोकून दिले, “असले लिहिण्यापेक्षा झोपूनच राहावे.” साळिंदराने दुसऱ्या दिवशी काही लिहिले नाही. पुढेही नाही. बरी जिरली, असे खार स्वतःला सांगत राहिली, पण तिचा जीव काही ठिकाणावर येईना.

अशाच अस्वस्थपणात एका सकाळी ती लिहायला बसली. काही सुचेना, आणि बोट घसरून कोरे पानच सगळ्यांकडे गेले. ती ते पुसायला जाते तोच खाली कावळ्याचे “अप्रतिम” हजर. पाठोपाठ कोल्हा म्हणाला, “किती खोल लिहितेस. डोळे पाणावले.” खार त्या कोऱ्या पानाकडे बघतच राहिली. इतके दिवस आपल्याला कोणी वाचतच नव्हते. एकट्या साळिंदराने वाचले, तर त्यालाच आपण गप्प बसवले. तिला स्वतःची फार लाज वाटली.

ती तशीच साळिंदराच्या बिळाशी गेली. “दादा, चुकले माझे,” ती म्हणाली.

“लागले खरे,” साळिंदर म्हणाला. “मला वाटले, आपण लिहू नये हेच बरे.”

“तसे नाही रे. तू कंद खाल्ले म्हणतोस. पण ते कसे लागले, बरोबर कोण होते, हे सांगत नाहीस. ते वाचायला मला आवडेल.”

साळिंदर विचारात पडला. “हे मला सुचलेच नव्हते. लिहून बघतो,” तो म्हणाला. “आणि तू काय लिहिणार?”

खार तिथेच बसली. तिने लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. शेवटी उरले ते एवढेच : “वादळात माझी ढोली पडली. मी एकटी आहे आणि मला भीती वाटते. छोटे, तू ये.” साळिंदराने ते नीट वाचले आणि म्हणाला, “आता यातला शब्दही बदलू नकोस.”

खारीने ते तसेच सगळ्यांकडे पाठवले. ऊन उतरायच्या आत बहीण विचारत विचारत, धापा टाकत तिथे येऊन पोचली. खारीला घट्ट मिठी मारून ती म्हणाली, “ताई, मी रोज वाचत होते गं. त्याच वादळात माझीही ढोली गेली. पण तू इतकी आनंदात दिसायचीस, की तुझ्याकडे यायचा धीरच झाला नाही.”

तात्पर्य : न वाचता केलेले कौतुक लिहिणाऱ्याला एकटे पाडते, आणि नीट वाचून मायेने दाखवलेली उणीव त्याला आपल्या माणसांपर्यंत पोचवते. म्हणून कोणाच्या लिखाणाखाली दोन शब्द लिहिण्याआधी ते लिखाण वाचावे.