बाराही महिन्यांची खंडेनवमी

एकदा एका गावच्या शाळेत लोखंड कातायचं यंत्र आलं, आणि आलं त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नाही. शाळा चालवणारा माणूस तेलाचा मोठा व्यापारी होता. त्यानं अकरावी-बारावीच्या पोरांसाठी यंत्रकामाचा वर्ग काढला, दारावर पाटी लावली, फोटो काढून घेतले. मग हुकूम सोडला की तपासणी होईस्तोवर यंत्रावरची प्लॅस्टिकची खोळ निघता कामा नये, वस्तू नवी दिसली पाहिजे. तपासणी झाली. मग पुढची तपासणी यायची होती. खोळ राहिली ती राहिलीच.

पोरं काय शिकली? चित्रं काढायला शिकली. रंगीत पेन्सिलीनं यंत्राचा एकेक भाग वहीत उतरवला, बाण काढून नावं लिहिली. हेमांगी नावाची मुलगी त्यात पहिली आली. तिनं काढलेलं चित्र असं, की त्यापुढं खरं यंत्र मळकं दिसावं.

शिकवायला जो मास्तर होता तो काही अडाणी नव्हता. बाजारपेठेमागं एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तो हे काम शिकला होता, आणि नीट शिकला होता. खोळ काढू द्या म्हणून त्यानं व्यापाऱ्याला विनवूनही पाहिलं. व्यापाऱ्यानं विचारलं, मोडलं तर जबाबदार कोण, तू? मास्तर गप्प बसला. नोकरी अजून कायम व्हायची होती, घरी लेकरं लहान. पण गप्प बसणं हे तंबाखूसारखं असतं. एकदा तोंडात धरलं की सुटत नाही.

खंडेनवमी आली. कारागिराच्या घरी या दिवशी हत्यारं घासूनपुसून पुजतात आणि दिवसभर एकही चालवत नाहीत. हत्यारालाही विसावा हवा, असा त्यातला भाव. व्यापाऱ्यानं बेत केला की सकाळी यंत्राची पूजा करायची, तिथंच पोरांना दाखले वाटायचे आणि सोमवारी अख्खी तुकडी जवळच्या कारखान्यात कामाला लावायची. तिथल्या मालकाला तसा शब्द देऊन बसला होता. दाखल्यावर छापलं होतं की या विद्यार्थ्यास यंत्र सुरक्षितपणे चालवता येते. खाली मास्तरची सही. पूजेला मिस्त्रीलाही बोलावलं होतं. पांढऱ्या मिशांचा माणूस, फोटोत बरा दिसेल.

मिस्त्री आला. त्या दिवसापुरती खोळ काढलेली होती. लोखंड घट्ट पकडून गरगर फिरणारा जो यंत्राचा जबडा, ज्याला चक म्हणतात, त्याला झेंडूचा जाड हार घातला होता. मिस्त्रीनं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग चकावरून बोट फिरवलं. यंत्र आलं तेव्हाचं ग्रीस तिथं तसंच होतं, वाळून खडूसारखं झालेलं. त्यानं मास्तरकडं पाहिलं. मास्तरनं मान खाली घातली.

"चालू करू का रे पोरांनो?" मिस्त्रीनं विचारलं.

मास्तर चरकला. शिकत असताना खंडेनवमीला नुसती कानस उचलली म्हणून याच माणसानं त्याच्या मुस्काटात दिली होती. पोरांना त्याचं काय? ती हरखली. करा, करा म्हणाली.

मिस्त्रीनं डावा हात पोरांच्या आडवा धरला आणि उजव्यानं बटण दाबलं. यंत्र किंचाळत फिरलं. हार चकानं ओढून घेतला, पाकळ्या उडाल्या, दोरा गरगर गुंडाळत गेला. पूजेचा हार तुटू नये म्हणून हेमांगी म्हाताऱ्याच्या हाताखालून वाकून पुढं झाली. गळ्यात सणाची नवी ओढणी, आणि हात थेट फिरत्या चकाकडं. मिस्त्रीनं बटण बंद केलं आणि तिचं मनगट धरून अशी मागं खेचली की ती फरशीवर आपटली.

व्यापारी खवळला. सणासुदीला अपशकुन केला, भरल्या पूजेत हार तोडला, दुसऱ्याच्या लेकीला पाडलं, वय झालं की माणसानं घरी बसावं, असं बरंच बोलला. मिस्त्रीनं त्याला बोलू दिलं.

"झालं? आता ऐका, शेट. हत्यार बंद ठेवायचा दिवस वर्षातून एक. तुम्ही बाराही महिने खंडेनवमी पाळली. मी एक मोडली, त्याचं पाप माझ्या माथी. चालू करू का म्हणून मी विचारलं. एवढी पोरं उभी होती, आधी हार काढा असं एकाच्या तोंडून निघालं नाही. ही तर पहिली आलेली. हिचा हात कुठं चालला होता, बघितलंत ना? सोमवारी मनगट धरायला मी तिथं नसणार."

मग तो मास्तरकडं वळला. त्याचा आवाज खाली आला, आणि तेच मास्तरला जास्त लागलं.

"शेटला चक काय नि घाणा काय, सारखंच. तुला माहीत होतं. मी शिकवलेलं तू प्लॅस्टिकखाली झाकलंस, आणि वर सही ठोकलीस. मुस्काटात मारायचं तुझं वय राहिलं नाही, एवढंच माझं दुर्दैव."

व्यापाऱ्यानं तिकडं लक्ष न देता दाखले वाटायला सांगितले. मास्तरनं गठ्ठा उचलला आणि काखेत मारला. सही आपली आहे, दाखले देणार नाही, म्हणाला. मग उद्यापासून येऊ नकोस, व्यापारी म्हणाला.

"उद्या दसरा, सुट्टीच आहे," मास्तर म्हणाला. "परवा येतो. खोळ फेकून देतो आणि शिकवायला लागतो. मला काढायचं तर तेव्हा काढा. कारखान्याच्या मालकाला सांगा, पोरं शिकली की येतील."

व्यापारी तणतणत निघून गेला. फोटो राहिला.

हेमांगी उठली. कोपर खरचटलं होतं. चकात अडकलेला दोरा काढायला ती यंत्राकडं गेली. मास्तर ओरडणार तेवढ्यात मिस्त्रीनं हातानं त्याला थांबवलं. ती चकाजवळ पोचली आणि थबकली. ओढणी काढून तिनं बाकावर ठेवली. यंत्रापासून निघालेली वायर नजरेनं धरत भिंतीपर्यंत गेली आणि मेन स्विच खाली ओढून बंद केला. मग परत येऊन चकात हात घातला.

दोरा निघायला बराच वेळ लागला. कुणी तिला घाई केली नाही.