पैकीच्या पैकी

एकदा एक परिचारिका मिरजेच्या गुळवणी सरांकडे जर्मन शिकायला आली. नाव सुकेशिनी. परदेशातल्या रुग्णालयात तिची निवड झाली होती, पण भाषेच्या परीक्षेत ई-मेल लेखनात ती दोनदा नापास झाली होती. आता ही शेवटची संधी होती.

सत्तरी ओलांडलेल्या सरांनी तिला समजावून सांगण्याऐवजी एक छापील ई-मेल पुढे केला. वरचे-खालचे नाव खोडलेले होते. "तपास. पंचवीसपैकी गुण दे."

सुकेशिनीने लक्षपूर्वक वाचले. बारा तारखेच्या कार्यक्रमाला येता येत नाही, याबद्दल दिलगिरी. कामाचे कारण. पर्यायी तारीख. शेवटी नम्र समारोप. परीक्षेत नेमून देतात तसे चारही मुद्दे आले होते आणि व्याकरणाची चूक एकही नव्हती.

"पैकीच्या पैकी, सर! मला असं कधी जमणार?"

"कसला कार्यक्रम असेल?"

"लग्न असेल. नाहीतर वास्तुशांत."

"त्याच्या आईचा तेरावा," सर म्हणाले.

सुकेशिनीने हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली.

"माझा मुलगा. म्युनिकला असतो. सराव राहावा म्हणून आम्ही बापलेक जर्मनमध्येच लिहायचो. थोडक्यात लिही, मुद्दा सोडू नकोस, हे मीच त्याच्याकडून घोकून घेतलं. परीक्षकाला उत्तर लिहायचं नसतं गं, म्हणून त्याला एवढं पुरतं. ज्याला उत्तर लिहायचं असतं, तो ओळीओळीत माणूस शोधतो. मी तीन दिवस शोधला. मग 'ई-मेल मिळाला' एवढंच कळवलं."

तिने विचारले, "मग मी परीक्षेत कसं लिहू?"

"अगदी असंच. पास होशील."

तिने तसेच लिहिले आणि ती उत्तीर्ण झाली. निकाल दाखवायला ती स्वतः सरांच्या घरी गेली. सरांनी चष्मा लावून कागद पाहिला. लेखनात पंचवीसपैकी पंचवीस.

"कधी निघणार?"

"ऑगस्टमध्ये."

"आईला सांगितलंस?"

सुकेशिनीने निकालाच्या कागदाची घडी घातली. वडील गेल्यापासून घरी त्या दोघीच होत्या. ती गेल्यावर आई एकटीच उरणार होती. आईशी काय बोलावे, याचे मुद्दे तिला कुणीच काढून दिले नव्हते.