कोमट पाण्याचे अकरा दिवस

हे मी सांगायचं नव्हतं.

आप्पांचा नियमच आहे तसा. ज्याच्या घरी नळ दुरुस्त करायला शिरलो, त्याच्या मोरीतली गोष्ट बाहेर काढायची नाही. आप्पा म्हणजे माझे आजोबा. आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं नळजोडणी शिकवली. आता निवृत्त झालेत, तरी जुने विद्यार्थी अडले की आमच्या अंगणात येऊन उभे राहतात.

पण ही मोरी चाकांवर होती. चाकांवरची मोरी घरातली धरायची की बाहेरची, हे आप्पांनी कधी सांगितलेलं नाही.

नळाखाली बादली लावली आहे. धार बारीक आहे. ती भरेपर्यंत लिहून होईल.

यातल्या माणसाला मी विसूकाका म्हणते. पण काका म्हटलं की राग नीट लिहिता येत नाही. म्हणून इथे नुसतं विसू.

“मग गरम नळालाही कोमट आणि गार नळालाही कोमट, याला काय म्हणायचं, आप्पा?”

“कोमट म्हणायचं.”

आप्पा पायरीवर माझ्याशेजारी बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विसू ढमाले अंगणाच्या मधोमध उभा होता. हातात प्लाय कापायचं मशीन. मागे चिंचेखाली त्याची कॅरव्हॅन. जुन्या मिनीबसच्या पोटात त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं वर्षभर खपून अख्खं घर बसवलं होतं. ओटा, बेसिन, न्हाणी, चार माणसांची झोपायची सोय. पर्यटकांना घेऊन धरणांवर फिरायचं, हे दोघांचं शाळेपासूनचं ठरलेलं.

“चेष्टा नको, आप्पा. डोकं फिरलंय माझं.”

“गिझर तापतोय?”

“हात लावून बघा. चटका बसेल.”

“पंप?”

“नवा टाकला.”

“टाकी?”

“दोनदा धुतली. नळांची तोंडं बदलली. अकरा दिवसांत जे बदलता येतं ते सगळं बदललं. आता भिंतीतले पाइप तेवढे राहिलेत. आणि ते जोडलेत त्या…”

त्यानं नाव घेतलं नाही. मशीनचं टोक चिंचेकडे केलं.

चिंचेखाली मोरेश्वर, त्याचा भाऊ, आपल्या बॅगेवर बसला होता. त्याला दीडची सांगलीची एसटी धरायची होती. तिथल्या एका वर्कशॉपात त्यानं काम बघितलं होतं. एकदा गेलो की परत येणार नाही, असं तो घरी सांगून निघाला होता. मोरू जे सांगतो ते करतो, हे विसूला माहीत होतं. त्याचाही त्याला राग येत होता.

“गरमाचा पाइप गाराला जोडून ठेवलाय त्यानं,” विसू म्हणाला. “मी भिंत कापणार.”

आप्पांचा शेंग फोडणारा हात थांबला. ती भिंत मोरूनं केली होती. सहा महिने. सागवानी पट्ट्या, कुठं खिळ्याचं डोकं दिसणार नाही अशी.

“त्याला विचारलंस?”

“मी बोलत नाही त्याच्याशी.”

“का?”

“का म्हणजे? तुम्हीच सांगितलं होतं! दिवाळीत! राग आला की तोंड बंद ठेव, विसू. ठेवलं! अकरा दिवस झाले, एक शब्द नाही काढला. चहा पाहिजे असला तर कप आपटतो, पण बोलत नाही.”

हे सांगताना त्याची छाती थोडी पुढे आली होती.

“आणि तो?”

“तो काय बोलणार! तोंड आहे का त्याला?”

“आहे,” चिंचेखालून आवाज आला. “आप्पा, दादाला सांगा, माझ्या जोडात पाणी एकमेकांत जात नाही. ते दुसरीकडंच कुठंतरी भेटतंय.”

“त्याला सांगा आप्पा, पाणी भेटायला ते काय जत्रेला गेलंय का!”

“दादाला सांगा, भिंत कापायच्या आधी…”

“मी पोस्टमन आहे का रे दोघांचा?” आप्पा म्हणाले.

…

विसूनं मशीन सुरू केलं. त्याच्या घरघरीनं चिंचेवरचे साळुंक्यांचे थवे उडाले.

तो गाडीकडे निघाला. आप्पा उठले.

“थांब. कापायच्या आधी मी आत येऊन बघतो.”

“बघा. या.”

आप्पा अंगणातून चालत आले. अनवाणीच. सकाळी झाडांना पाणी घातलेलं, वाटेत चिखल होता. ते गाडीच्या पायरीशी पोचले आणि उभे राहिले.

“पाय धुवायला पाणी दे.”

“आत्ता?”

“चिखलाच्या पायानं मी कुणाच्या घरात शिरत नाही.”

“आप्पा, ही गाडी आहे!”

“आत ओटा आहे, मोरी आहे. घर नाही तर काय आहे?”

विसूनं दात आवळले. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. भावाची एसटी यायच्या आत भिंत फाडून, चुकीचा जोड हातात घेऊन त्याच्यासमोर धरायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि म्हाताऱ्याला पाय धुवायचे होते!

त्यानं मशीन बंद केलं, गाडीच्या मागे गेला आणि बाहेरच्या पत्र्यातलं छोटं दार धाडकन उघडलं. पर्यटकांनी धरणातून चिखल घेऊन आत येऊ नये म्हणून तिथं एक फवारा बसवला होता. गुंडाळलेली नळी, वर दोन चाव्या. लाल गरमाची, निळी गाराची. विसूनं फवारा ओढला आणि त्याच्या मुठीवरचं बटण दाबलं.

आप्पांच्या पायांवर पाणी पडलं.

कोमट.

आप्पांनी एक पाय धुतला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला…

“झालं का?”

“नळ कधी उघडलास?”

“काय?”

“लाल चावी फिरवली नाहीस. निळी फिरवली नाहीस. पाणी कुठून आलं?”

विसूनं चाव्यांकडे पाहिलं. दोन्ही पूर्ण उघड्या होत्या.

“त्या उघड्याच असतात,” तो म्हणाला. “बटण सोडलं की पाणी थांबतं ना! दर वेळी कोण वाकणार तिथं?”

“थांबतं?”

“मग! बघा.” त्यानं बटण सोडलं. एक थेंब गळला नाही.

आप्पांनी वाकून दोन चाव्यांना जोडणाऱ्या वीतभर पाइपवर पालथा हात ठेवला. तो तिथंच ठेवून म्हणाले, “तोंड बंद. मागचे दोन्ही कॉक उघडे. मग गरम इथून गारात जाणार आणि गार इथून गरमात. पंप ढकलत असताना पाणी नुसतं बसून राहील होय?”

विसूचा हात फवाऱ्यावर तसाच राहिला.

अकरा दिवसांपूर्वी गाडी पहिल्यांदा धरणावर नेली होती. गाडी कुठं उभी करायची यावरून काठावरच दोघांची जुंपली. विसू गुडघाभर चिखलातून तरातरा परत आला, पाय धुतले, बटण सोडलं, फवारा आत कोंबला आणि दार आपटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरू म्हणाला होता, दादा, गार नळाला कोमट येतंय.

मागचा कॉक आधी बंद करायचा. आयटीआयमधला पहिल्या दिवसाचा धडा. विसूनं तो तेव्हा वहीत लाल शाईनं लिहिला होता.

त्यानं खाली वाकून दोन्ही चाव्या आवळल्या. इतक्या जोरात की बोटं पांढरी पडली.

मग तो गाडीत शिरला. ओट्यावरचा गरम नळ उघडून त्याखाली हात धरला, आणि थोड्या वेळानं ओरडून काढून घेतला. गार नळ उघडला. माठातल्यासारखं पाणी. समोरच्या भिंतीवर त्यानं कापायला मारलेली पेन्सिलची जाड रेघ होती. सिंकखालच्या कपाटाचं दार उघडं होतं, आणि आत प्रत्येक जोडावर मोरूच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. गरम. गार. गरम. गार. एकही चुकलेलं नव्हतं.

तो बाहेर आला तो जास्तच तापून.

“तुमचंच ऐकलं मी!” तो आप्पांवर ओरडला. “तोंड बंद ठेव म्हणालात, ठेवलं! अकरा दिवस! काय झालं त्याचं? तो चालला!”

“ठेवलंस खरं,” आप्पा म्हणाले.

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

मोरू उठला. बॅग उचलली. येऊन आप्पांच्या ओल्या पायांना हात लावला. “येतो, आप्पा.” भावाकडे त्यानं पाहिलं नाही. फाटकाच्या दिशेनं चालू लागला.

आप्पांनी लोंबकळणारा फवारा उचलून विसूच्या हातात दिला.

“उघड आता तोंड.”

विसूनं बटण दाबलं. नळीत अडकलेलं पाणी भसकन आलं, दोनदा खाकरलं आणि थांबलं.

“उघड.”

“उघडलंय की.”

मोरू फाटकापाशी पोचला होता. एसटी नाक्यावर येऊन थांबली, कंडक्टरनं दार उघडलं.

“तोंड उघड म्हणतोय मी.”

“आप्पा, यात काही राहिलंच नाही आता!”

“विसोबा!” आप्पा ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. “फवाऱ्याला सांगतोय का मी?”

…

“मोऱ्या!”

विसूचा आवाज फाटलेलाच निघाला. अकरा दिवस कोंडलेला. फाटकातला मोरू थांबला, पण वळला नाही.

विसूचे ओठ नुसते हलले. मग एकदाचं जे आलं ते असं आलं:

“गार नळाला गार येतंय रे.”

नाक्यावर घंटी वाजली. दोनदा. एसटी निघाली, आणि रस्त्यावर धूळच धूळ झाली.

धूळ बसली तेव्हा बॅग फाटकात जमिनीवर होती.

“आणि गरम?” मोरूनं विचारलं. अजूनही पाठमोराच.

“भाजलं.”

“बरं झालं,” मोरू म्हणाला, आणि बॅगेवर बसला.

त्यानंतर दोघं इतके भांडले की शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. आप्पा पायरीवर जाऊन उरलेल्या शेंगा फोडू लागले. मला म्हणाले, हे कुणाला सांगायचं नाही. मी मान हलवली होती.

पण मी बरेच दिवस विचार केला. आप्पांना काय म्हणायचं होतं ते कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. मला आता वाटतं, त्यांना एवढंच म्हणायचं असेल की माणूस नुसतं तोंड मिटून बसतो, तेव्हा त्याच्या आत कुठंतरी—

“केतके!” आप्पांची हाक आली. “बादली भरली की गं कधीची! आता पडतंय ते सगळं वाया.”