उपहासातला ‘उप’

लंडनहून शिकून परतले तेव्हा वाटलं होतं, मुलींच्या वाचनवर्गासाठी गाव सभागृह आनंदाने उघडून देईल. तिथे उपसरपंच गुणवंतरावांचा कडबा रचलेला निघाला.

ग्रामसभेत मी किल्ली मागितली. गुणवंतराव खो-खो हसले. “पोरी वाचून काय विलायतेला जाणार?”

“काका, हा उपहास झाला.”

“उपहास? अर्थ सांगा की सभेला, शिकलेल्या बाई!”

“सोपं आहे. ‘हास’ म्हणजे हसू. आणि ‘उप’ म्हणजे मूळ पदाला न पोचलेलं. उपसरपंचांना वेगळं काय सांगायचं?”

सभा हसली, सरपंचबाई सगळ्यांत मोठ्याने. काकांनी किल्ली मात्र दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, वर्ग सभागृहाच्या पायऱ्यांवरच भरवायचा. कडबा काढायचा तर काकांनी रोज मुलींकडे वाट मागावी.