साळुंकीचा पैजांचा बाजार

बाभळीसुद्धा बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. तळ्याकाठी साळुंकीने पैजांचा बाजार मांडला. उद्या काय होईल ते सांगायचं आणि त्यावर चिंचोके लावायचे. सगळे रमले.

एकदा पैज लागली, सुगरणीचं घरटं वाऱ्यात पडेल का? वारा सुटला की शेजाऱ्यांनी काड्या घेऊन धावायचं, ही तिथली रीत. त्या दिवशी मात्र 'पडेल' म्हणून चिंचोके लावलेले अर्धे जण नुसते वर बघत बसले.

तळ्याचे पाटील कासवआजोबा. त्यांनी बाजारच बंद केला.

"मी फक्त अंदाज विचारते, घरटं कुठे पाडते?" साळुंकी फणकारली.

"खरंय, पोरी. पण तू स्वतः चिंचोके कशावर लावलेस?"

"पडेल, यावर," साळुंकी पुटपुटली. मग काडी उचलून ती वर झेपावली.

"तू येणार, हे मला ठाऊकच होतं," सुगरण म्हणाली.

सुगरणीने मात्र त्यावर एकही चिंचोका लावला नव्हता.